गाडी वळत नाही? स्प्रिंग घ्यायच्या आधी टायर बघा

मागच्या भागात मोटर आणि गिअरिंग झालं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांचा सूर बहुतेक एकच होता: गाडी सरळ रेषेत सुसाट जाते, पण वळणावर एकतर पुढून बाहेर सरकते, नाहीतर मागून गर्रकन फिरते. मग कुठली स्प्रिंग मागवू? माझं म्हणणं, अजून काहीच मागवू नका. आपल्याकडे बरेच स्पेअर बाहेरून येतात, महाग पडतात, आणि चुकीचे आले की डब्यात पडून राहतात. गाडीही मग कपाटात जाते.

आपण बोलतोय ते वन-टेन स्केलच्या इलेक्ट्रिक टूरिंग कारबद्दल. रुंदी साधारण १९० मिलिमीटर, बॅटरीसकट वजन सव्वा ते दीड किलो, चारही चाकांना ड्राइव्ह. या गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त चार टायरमधून, आणि प्रत्येकाचा टेकलेला भाग तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठा नसतो. स्प्रिंग, शॉक, कॅम्बर, अँटी-रोल बार ही सगळी मंडळी त्या चार नखांवर किती भार कधी पडावा एवढंच ठरवतात. टायरलाच पकड नसेल तर त्यांच्या हातात काही उरत नाही.

या टायरमध्ये हवा भरलेली नसते. आत स्पंजासारखी एक गोल पट्टी असते, तिला इन्सर्ट म्हणतात, आणि रबर रिमला फेविक्विकसारख्या पातळ गोंदाने चिकटवलेलं असतं. आतली हवा ये-जा करायला बारीक भोक असतं. आता एक काम करा. टायरची कड अंगठ्याने सगळीकडून दाबून, ओढून बघा. कुठेतरी गोंद सुटलेला सापडतो. गाडी डावीकडे छान वळते आणि उजवीकडे वेड्यासारखी, यामागे अनेकदा एवढंच असतं. पाणी साचलेल्या जागी गाडी चालवली असेल तर इन्सर्ट ओला झालाय का तेही बघा, कारण ओला स्पंज जड होतो आणि चाकाचा तोल जातो.

मग धूळ. कारपेटच्या ट्रॅकवर धूळ ही फारशी अडचण नसते. आपण मात्र पार्किंगमध्ये, बास्केटबॉल कोर्टवर, सोसायटीच्या सिमेंटवर चालवतो. रबरावर धुळीचा थर बसला की टायर जमिनीला न धरता त्या धुळीवर लोळतो. म्हणून आधी खराटा. सगळी जागा झाडणं शक्य नसेल तर निदान गाडी जिथून जाणार तो पट्टा झाडा, आणि प्रत्येक फेरीनंतर टायर ओलसर कापडाने पुसा. हा सल्ला ऐकून लोक हसतात. झाडल्यावर हसत नाहीत.

रबराचा मऊपणा बऱ्याच कंपन्या २८, ३२, ३६ अशा आकड्यांनी दाखवतात. आकडा मोठा तसा टायर जास्त तापलेल्या ट्रॅकसाठी. इथे हवेचं तापमान धरू नका, जमिनीचं धरा. मे महिन्याच्या दुपारी डांबर पन्नास अंशांच्या वर सहज जातं, आणि परदेशी व्हिडिओ बघून घेतलेला मऊ टायर तिथे दोन-तीन मिनिटांत चिकट होऊन घसरायला लागतो. हिवाळ्यात सकाळी सातला तोच टायर सोन्यासारखा.

ॲडिटिव्ह म्हणजे रबर मऊ करणारं द्रव. टायरला लावायचं, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, पुसायचं. याचा खरा उपयोग मात्र गाडीचा तोल बदलण्यात आहे. मागे पूर्ण रुंदीला आणि पुढे फक्त आतल्या अर्ध्या भागाला लावलं, तर पुढची पकड थोडी कमी होते आणि मागून फिरणारी गाडी शांत होते. स्प्रिंगपेक्षा स्वस्त. हातमोजे घाला, बंद खोलीत लावू नका, आणि स्पर्धेला गेलात तर तिथे कुठलं चालतं ते आधी विचारा.

टायर झाला, तरी स्प्रिंगकडे जाण्याआधी एक पायरी आहे. गाडी सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ठेवा. पुढच्या बंपरच्या बरोबर मधोमध पट्टीची कड लावून हळू उचला. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर चासी पिळलेली आहे. याला ट्वीक म्हणतात. मागूनही हेच करा. वरच्या डेकचे स्क्रू सैल करून, गाडी सपाट दाबून पुन्हा घट्ट केले की बहुतेक वेळा जातं. ट्वीक असलेल्या गाडीवर केलेलं कुठलंही सेटिंग खोटं बोलतं.

आता स्प्रिंग. वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती जाणार हे गाडीचं वजन, वजनाची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. स्प्रिंगने त्यात फारसा फरक पडत नाही. स्प्रिंग ठरवते ती वाटणी: त्यातला किती पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या. आणि रबराची गंमत अशी, की दुप्पट भार दिला म्हणून ते दुप्पट पकड देत नाही, थोडी कमीच देतं. म्हणजे ज्या टोकाची स्प्रिंग कडक, तिथे बाहेरच्या एकाच चाकावर जास्त ओझं, आणि त्या जोडीची एकूण पकड कमी. पुढून सरकते? पुढची एक पायरी मऊ करा, किंवा मागची कडक. मागून सुटते? उलट. अँटी-रोल बारचंही हेच गणित. एका वेळी एकच बदल, आणि वहीत लिहा.

कॅम्बर टायरच सांगतो. दोन अंश निगेटिव्हने सुरुवात करा आणि झीज बघा. बाहेरची कड जास्त झिजली तर थोडं वाढवा, आतली झिजली तर कमी करा. मागचा टो-इन अडीच-तीन अंशांच्या आसपास राहू द्या. उंची खडबडीत पार्किंगमध्ये सहा-सात मिलिमीटर ठेवा. स्पर्धेच्या ट्रॅकवरचे पाच-साडेपाच इथे चासी घासतात.

कधी उलटी अडचण येते: पकड इतकी वाढते की गाडी वळणावर थेट उलटते. हा ट्रॅक्शन रोल. टायरची बाहेरची भिंत दुमडून जमिनीत रुतते आणि गाडी तिच्यावरून पलटी खाते. यावर जुना उपाय म्हणजे पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर पातळ गोंदाचा एक हात. भिंत कडक आणि गुळगुळीत होते, रुतत नाही. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर मात्र थेंबही जाऊ देऊ नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय गाडी उतरवू नका.

शेवटी चाचणी. इलेक्ट्रिक टूरिंगची शर्यत साधारण पाच मिनिटांची असते, म्हणून पाच मिनिटं सलग चालवा. पहिल्या मिनिटात छान आणि चौथ्यात घसरणारी गाडी असेल, तर स्प्रिंगला हात लावू नका. गाडी उचला आणि लगेच चारही टायरना बोट लावून बघा, कुठली जोडी जास्त तापली आहे.