जांबोटीची वाट आणि जगाचा दरबार

बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी असा घाटमाथा ओलांडून चोर्ल्याच्या घाटाने सत्तरीत उतरणारा रस्ता गोमंतकीयांना नवा नाही. आज त्यावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाता येते. 1961 च्या डिसेंबरपर्यंत मात्र याच डोंगरांवरून दोन राष्ट्रांची सरहद्द गेली होती. जांबोटी स्वतंत्र भारतात होते आणि घाटाखालच्या सत्तरीवर लिस्बनचा अंमल होता. भारताने जगाचे नेतृत्व करावे, अशी भाषा आज देशात सर्वत्र ऐकू येते. अशा वेळी ती सरहद्द कशी पुसली गेली, याचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भारताने 1950 साली पोर्तुगालपुढे वाटाघाटींचा प्रस्ताव ठेवला. सालाझारच्या राजवटीने तो धुडकावला आणि 1951 साली घटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपारचे प्रांत’ असे गोंडस नाव दिले. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या पत्रकात त्या ‘प्रांतां’चाच उच्चार झाला. पोर्तुगाल ‘नाटो’चा सभासद होता. सत्य आपल्या बाजूचे होते, पण सत्याला साक्षीदार कमी होते.

अखेर सैन्य गोव्यात शिरले आणि 18 डिसेंबर 1961 रोजी प्रकरण सुरक्षा परिषदेपुढे गेले. युद्धबंदी करून भारताने सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. अकरा सभासदांच्या परिषदेत ठरावाच्या बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळेच तो बारगळला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

या मतदानातून दोन धडे निघतात. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक या तीन लहान राष्ट्रांनी बड्या सत्तांचा रोष पत्करून भारताची बाजू घेतली. ही मते ऐन वेळी मागून मिळालेली नव्हती. आशिया-आफ्रिकेतील पारतंत्र्याविरुद्ध भारताने वर्षानुवर्षे जो आवाज उठविला, त्याचे ते फळ होते. गोव्याचा प्रश्न आफ्रिकेच्या मुक्तीशी जोडला गेला होता. ऑक्टोबर 1961 मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला, तेव्हा आफ्रिकी नेत्यांनीच भारताला पाऊल उचलण्याचा आग्रह केला. शेजाऱ्याच्या अडचणीला जो धावतो, त्यालाच अडचणीत शेजारी मिळतो.

दुसरा धडा कडू आहे. निर्णायक शस्त्र आपल्या हाती नव्हते, ते मित्राने चालविले. उसने घेतलेले ऋण कधीतरी फेडावेच लागते. जानेवारी 1980 मध्ये अफगाणिस्तानातून परकीय सैन्य मागे घेण्याचा ठराव आमसभेत आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्यामागे अनेक कारणे होती, परंतु मैत्रीच्या ऋणाचा भारही त्यांत होता, असे आम्हांस वाटते. म्हणून सुरक्षा परिषदेतील कायम सभासदत्वाची भारताची मागणी ही मानापमानाची बाब नव्हे. परिषदेत आठ वेळा निवडून गेलेल्या या देशाला आपल्या न्याय्य हक्कासाठी दुसऱ्याच्या मतावर विसंबावे लागू नये, एवढाच तिचा अर्थ.

कृष्णशिष्टाईमागे पांडवांचे बळ होते आणि न्यायही होता. दोन्हींपैकी एक जरी उणे असेल, तरी शिष्टाई म्हणजे नुसते शब्द. 2016 साली बाणावलीत ‘ब्रिक्स’ राष्ट्रांचे प्रमुख जमले, 2023 साली गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री आले. ज्या भूमीबद्दल जगाच्या दरबारात आपल्याला जाब विचारला गेला, तीच भूमी जगाची यजमान झाली. हे भूषण खरेच. पण पाहुण्यांच्या गर्दीवरून घराचे वजन ठरत नाही.

ते ठरते जांबोटीसारख्या ठिकाणी. खानापूर तालुक्यातील या मराठी मुलखाचा प्रश्न 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून लोंबकळत आहे. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्यालाही दोन दशके उलटली. याच मुलखातून वाहत गोव्यात येणाऱ्या म्हादईच्या पाण्याचा निवाडा लवादाने 2018 साली दिला, पण तंटा मिटला नाही. परराष्ट्रांना ‘संवादाने प्रश्न सोडवा’ असे सांगणाऱ्या देशाने आपल्याच तीन राज्यांना एका बैठकीत बसवून दाखविले पाहिजे. त्यासाठी कोणाच्या नकाराधिकाराची गरज नाही. दिल्लीने मनावर घेतले तर पुरे.