चित्रफितीचा पाणवठा कुणाचा?

राजगडाच्या पायथ्याला पाली नावाचे गाव आहे. गेल्या पावसाळ्यात तेथे एका कार्यकर्त्याच्या घरी आम्ही मुक्कामाला होतो. घरातली मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ती मोबाइलवर व्याख्यान लावून बसली होती. सर दोन वाक्ये बोलायचे, की पडद्यावर चक्र गरगरायला लागायचे. आम्ही सहज म्हणालो, तुझे सर फार अडखळतात. ती म्हणाली, "काका, सर नाही अडखळत, रेंज अडखळते." तासाभराने दिवसाचा डाटा संपला आणि व्याख्यान अर्धेच राहिले.

आपले कार्यकर्ते म्हणतील, वकीलसाहेब, टॉवर मागा, निवेदन द्या. निवेदन द्यायलाच हवे. पण हा प्रश्न टॉवरपाशी संपत नाही. चित्रफीत जशीच्या तशी पाठवली तर ती शहरातल्या जाडजूड वायरलाही झेपणार नाही. म्हणून ती आधी दाबून लहान करतात आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलमध्ये ती पुन्हा उलगडते. ही घडी घालण्याच्या आणि मोडण्याच्या नियमांना कोडेक म्हणतात. घडी जितकी चांगली तितका डाटा कमी लागतो. घडीच्या नियमांवर मात्र पेटंट असते, आणि पेटंट म्हणजे २० वर्षांची मक्तेदारी. आमच्या धंद्याचा संबंध येतो तो इथे.

२०१३ साली एचईव्हीसी नावाचे कोडेक मंजूर झाले. घडी उत्तम होती, पण तिच्यावर हक्क सांगणारे अनेक पेटंटधारक निघाले आणि वसुलीसाठी त्यांचे वेगवेगळे गट पडले. जुलै २०१५ मध्ये त्यांपैकी एचईव्हीसी अॅडव्हान्स या गटाने चित्रफीत दाखवणाऱ्यांच्या संबंधित उत्पन्नातूनच अर्धा टक्का मागितला. एका नाक्यावर जकात भरली, तरी पुढच्या नाक्यावर दुसरा दांडा आडवा! पुढे या गटाला दर उतरवावे लागले, पण त्या मागणीने मोठमोठे धास्तावले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये सात कंपन्यांनी अलायन्स फॉर ओपन मीडिया हे मानक मंडळ जाहीर केले. अॅमेझॉन, सिस्को, गुगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि सातवी नेटफ्लिक्स. वर्गणी घेऊन घरोघर सिनेमे पोचवणारी कंपनी तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांच्या पंगतीला पहिल्या दिवसापासून बसली. पुढे फेसबुक आले, जानेवारी २०१८ मध्ये अॅपलही आले. २८ मार्च २०१८ रोजी मंडळाने एव्ही१ हे कोडेक प्रसिद्ध केले. ते कुणीही वापरावे, रॉयल्टी नाही. अट एकच महत्त्वाची: या कोडेकवरून पेटंटचा दावा लावणाऱ्याचा स्वतःचा परवाना जातो. अट लिहिणाऱ्या वकिलाचे आम्हाला कौतुक वाटते. फेब्रुवारी २०२० मध्ये नेटफ्लिक्सने अँड्रॉइड मोबाइलवर एव्ही१ सुरू केले, तेव्हा आपल्या आधीच्या कोडेकपेक्षा घडी २० टक्के सरस असल्याचे सांगितले.

हे धर्मादाय काम आहे काय? मुळीच नाही. प्रस्थापितांच्या एका टोळीची जकात वाचवण्यासाठी दुसऱ्या टोळीने स्वतःचा रस्ता बांधला. पण रस्ता खुला आहे, आणि त्यावरून आपली बैलगाडीही जाऊ शकते, हे नाकारण्यात शहाणपणा नाही.

प्रश्न आहे तो 'खुला' या शब्दाचा. भोरहून वरंध घाट उतरला की महाड येते. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा. त्यानंतरही सवर्णांनी दावा लावला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने यायला १९३७ साल उजाडले. खुलेपणाचा ठराव आणि खुलेपणा यांत किती अंतर असते, ते आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको.

एव्ही१चेही काही वेगळे नाही. तळे खुले झाल्यावर हक्क सांगणारे येथेही निघालेच: २०१९ मध्ये सिस्व्हेल या कंपनीने एव्ही१वर पेटंटचा गट जाहीर केला. आणि नव्या कोडेकची घडी झपाट्याने मोडायला मोबाइलमध्ये त्यासाठीची चिप असावी लागते. अॅपलने ती आयफोनमध्ये बसवली २०२३ साली. स्वस्तातल्या, जुन्या, सेकंडहँड मोबाइलमध्ये ती नसते. मग एक तर सगळे ओझे प्रोसेसरवर पडून बॅटरी उतरते, नाही तर जुन्या कोडेकची जड फीत येते आणि डाटा खाते. म्हणजे ज्याच्याकडे महागडा मोबाइल आहे, डाटाही त्याचाच वाचणार!

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. याच नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या दुसऱ्या मानक संस्थेत, डब्ल्यूथ्रीसीमध्ये, चित्रफितीला कुलूप लावण्याच्या नियमामागे उभ्या होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये तो नियम सुमारे ५८ टक्के मतांनी मंजूर झाला आणि निषेध म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन त्या संस्थेतून बाहेर पडले. घडी सर्वांची, पण घडीतला माल कुलपात. कंपनी एकच, स्वार्थही एकच, फक्त बैठक वेगळी.

हे सारे अमेरिकेतले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावा या भारतीय मोबाइल कंपनीला एरिक्सनच्या दूरसंचार पेटंटपोटी २४४ कोटी रुपये द्यायला सांगितले. असा पैसा शेवटी कुणाच्या खिशातून निघतो, ते मोबाइलच्या दुकानात कळते. आपली भीमगीते, धम्मपरिषदांची भाषणे, जयंतीची चित्रणे, सगळे आज यूट्यूबवर, म्हणजे गुगलच्या घरात पडून आहे. मूळ प्रत कुणाकडे आहे, असे आम्ही तीन मंडळांना विचारले. तिघांनीही लिंक पाठवली.

आपल्या वसतिगृहांतून एल्एल.बी.ला जाणारी मुले संविधान आणि अॅट्रॉसिटी कायदा वाचतात, ते आवश्यकच आहे. त्यांतल्या दोघाचौघांनी पेटंट कायदाही घ्यावा. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रणालीला पेटंट देत नाही. हे कलम सैल करण्याचे प्रयत्न अधूनमधून होत असतात. त्या मसुद्यांवर हरकती मागवल्या जातात तेव्हा कंपन्यांचे वकील पाने भरभरून लिहितात, आणि आपल्याकडून एक पोस्टकार्डही जात नाही.

पालीच्या त्या मुलीची परीक्षा जवळ आली आहे. तोपर्यंत टॉवर होणार नाही आणि तिचा मोबाइलही बदलणार नाही. तिच्या सरांची परवानगी आम्ही घेतली आहे. पुढच्या रविवारी सगळी व्याख्याने मेमरी कार्डावर भरून गडाखाली घेऊन जाणार आहोत.