चूर्णाचा डबा जरा बाजूला ठेवा

वर्षानुवर्षं पोट साफ होत नसलेल्या माणसाला घरीदारी एकच सल्ला मिळतो: रात्री झोपताना चूर्ण घे. पण अडचण आतड्यात नसून शेवटच्या चार बोटांतच असली तर?

ती चार बोटं म्हणजे अजब प्रकरण आहे. गुदाशयाच्या मागून एक स्नायू गोफणीसारखा वळसा घालतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे जवळजवळ काटकोन होतो. आपण धावतो, जिना चढतो, झोपतो. हा पठ्ठ्या पकड सोडत नाही. तिथलं अस्तर तर आलेला माल वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हेही ओळखतं! (चारचौघांत वावरताना या कौशल्याचे आभार मानावेत तेवढे थोडेच.)

शौचाला बसलो की गोफण सैल पडायला हवी. उकिडवं बसल्यावर मांड्या पोटाकडे येतात, कोन उलगडतो, फारसं कुंथावं लागत नाही. कमोडवर तो तितका उलगडत नाही. मग पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या आणि किंचित पुढे वाका. बस्स, इतकंच.

सगळ्यांचं मात्र एवढ्यावर भागत नाही. जुनाट बद्धकोष्ठतेच्या कित्येक रुग्णांत जोर लावताना ही गोफण सैल होण्याऐवजी आवळते. माणूस घाम फुटेस्तोवर कुंथतो आणि आपणच आपली वाट बंद करतो, तेही नकळत! तिथे रेचक काय करणार? अशांसाठी बायोफीडबॅक आहे. सेन्सर बसवलेली बारीक नळी गुदाशयात सरकवतात; दाब बदलला की पडद्यावरची रेघ वर-खाली होते. जन्मात कधी न जाणवलेला स्नायू चक्क डोळ्यांना दिसतो! पोटाने हलका जोर, खाली सैल, रेघ उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. काही आठवड्यांच्या सरावाने अशा निम्म्याहून अधिक रुग्णांना फरक पडतो. ना गोळी, ना चिरफाड.

वेळेचंही महत्त्व आहे. मोठं आतडं रात्री जवळपास निजलेलं असतं. सकाळी जाग आल्यावर आणि पोटात काही पडल्यावर ते जोमाने हलू लागतं. त्यामुळे न्याहारीनंतर आलेली कळ ऑफिसच्या घाईत दाबू नका. इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो, म्हणून तो पेलाभर पाण्याशिवाय घेऊ नका.

आणि शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर ही तक्रार नव्याने सुरू झाली असेल, तर स्टूल-बिल नंतर. आधी डॉक्टर गाठा.