थ्री-नॉट-थ्री आणि आमचे शेजारी

'जुने ते सोने' ही म्हण आपण दागिन्यांना लावतो, ग्रंथांना लावतो, मैत्रीलाही लावतो. परंतु ज्या वस्तूवर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्या शस्त्राच्या बाबतीत ती खरी मानावी काय? छात्रसेनेच्या कवायतीत सामील झाल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत होता. त्याचे उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही.

आमच्या पिंपळे गुरवातून पवना ओलांडली की दापोडी लागते. तेथे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुढे मुळेपलीकडे खडकी. तेथे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि 1869 साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना. साहजिकच आमच्या आळीत निवृत्त जवान व कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार शेजारी-शेजारी राहतात. त्यांपैकी काही वडीलधाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारला : नोकरीत तुम्ही वापरलेले सर्वांत जुने हत्यार कोणते?

बहुतेकांच्या तोंडून पहिले नाव आले ते 'थ्री-नॉट-थ्री'चे. या रायफलीचे खरे नाव ली-एनफिल्ड. ली हे तिची यंत्ररचना करणाऱ्याचे नाव, तर एनफिल्ड हे इंग्लंडमधील कारखान्याचे गाव. नळीचा व्यास 0.303 इंच, म्हणून 'थ्री-नॉट-थ्री'. तिचा जो नमुना आपल्याकडे विशेष रूढ झाला, तो 1907 सालचा. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होई. पहिल्या महायुद्धात आपल्या जवानांच्या खांद्यावर तीच होती, दुसऱ्या महायुद्धात तीच होती आणि 1962 साली चीनशी युद्ध झाले, तेव्हाही मुख्यतः तीच होती.

1961 साली बेळगावच्या मराठा केंद्रात भरती झालेले एक आजोबा आमच्या मारुतीच्या देवळाजवळ राहतात. त्यांनी हातातली काठी रायफलीसारखी धरून मला तिची चाल समजावून दिली. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि खाली पाडायची. मागे ओढताना रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलताना नवे नळीत जाते. दर गोळीमागे ही चार कामे हातानेच करावयाची. पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या दाबून भरल्या की दहा गोळ्यांची बेगमी होई. त्यातही एक मेख होती. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर ते पुढे सरकत नाही आणि ऐन वेळी रायफल अडते. म्हणून काडतुसे भरण्याचा सराव डोळे मिटूनही करावा लागे.

गोळीबार संपला की नळीत उकळते पाणी ओतत. त्या वेळच्या काडतुसांतील पेटत्या द्रव्याचे क्षार नळीत राहत आणि तेलाने ते निघत नसत. पाणी ओतून, दोरीला चिंदी बांधून ती नळीतून ओढायची आणि मगच तेल द्यायचे. हे सांगताना आजोबांचा आवाज कडक झाला. साठ वर्षांपूर्वीचा उस्ताद जणू अजून त्यांच्या पाठीशी उभा होता.

मग मी मूळ प्रश्नाकडे वळलो. ही रायफल चांगली होती की जुनाट? आजोबा थोडे थांबले. नेमाला ती पक्की होती, चिखला-धुळीत दगा देत नसे, असे ते म्हणाले. परंतु 1962 च्या युद्धातून परतलेल्या जवानांकडून त्यांनी जे ऐकले होते, ते निराळे होते. चिनी सैनिकांपाशी अर्धस्वयंचलित व स्वयंचलित हत्यारे होती. तेथे चाप ओढला की पुढचे काडतूस आपोआप चढे. आपला जवान बोल्ट ओढीपर्यंत समोरून अनेक गोळ्या येत. पराभवाला अपुरे गरम कपडे, रस्त्यांचा अभाव अशी इतर कारणेही होतीच. परंतु हत्यारांतील हा फरक जवानांच्या मनाला लागून राहिला. त्यानंतरच्या वर्षांत वीस गोळ्यांची, 7.62 मिलिमीटर व्यासाची अर्धस्वयंचलित रायफल सैन्यात आली.

दुसरे काका तोफखान्यातले. 1971 च्या युद्धात ते 'पंचवीस पौंडी' तोफेवर होते. तिचा गोळा सुमारे 25 पौंडांचा, म्हणजे अकरा किलोंहून थोडा अधिक, आणि पल्ला सुमारे बारा किलोमीटर. ही तोफ दुसऱ्या महायुद्धातली. तिच्यावर सहा जण काम करीत आणि प्रत्येकाचे काम नेमून दिलेले असे. पुढे युद्धातून निवृत्त झाली, तरी प्रजासत्ताकदिनी दिल्लीत 21 तोफांची सलामी तीच देत असे. 2023 साली तिची जागा भारतीय बनावटीच्या 105 मिलिमीटर तोफेने घेतली. ती सलामी दूरदर्शनवर पाहताना आपलीच सेवानिवृत्ती पुन्हा झाल्यासारखे वाटले, असे काका हसत म्हणाले.

तिसरे उत्तर मात्र मला अनपेक्षित होते. बॉम्बे सॅपर्समधील एका निवृत्त सुभेदारांनी संगीन हे नाव घेतले. भोसकण्यासाठी नव्हे, तर सुरुंग शोधण्यासाठी! जमिनीत संगीन तिरपी खुपसत पुढे सरकायचे. सुरुंग वरून दाब पडला की उडतो. तिरप्या टोकाला त्याची बाजू लागते आणि धोका कमी होतो. याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे शत्रूच्या माऱ्यात दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळविले. शस्त्राचे वय किती, यापेक्षा ते कशासाठी वापरले, हे सुभेदारसाहेबांना मोठे वाटते.

मग सरकार जुनी हत्यारे इतकी वर्षे का ठेवते? खडकीच्या कारखान्यात काडतुसे तपासण्यात उमेद घालविलेल्या एका शेजाऱ्यांनी ते उलगडून सांगितले. रायफल एकटी बदलत नाही. तिच्याबरोबर काडतूस, ते घडविणारी यंत्रे, सुटे भाग, कोठारे आणि लाखो जवानांच्या हातांची सवय हे सारे बदलावे लागते. म्हणून नवे हत्यार आघाडीवर जाते आणि जुने मागच्या तुकड्यांकडे, तेथून पोलिसांकडे उतरते. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या एके-47 समोर आपल्या काही पोलिसांच्या हाती हीच थ्री-नॉट-थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो 2020 साली.

यावरून माझ्यापुरते उत्तर मला मिळाले. जुने हत्यार सोने ठरते ते वापरणाऱ्याच्या हातामुळे. जुलै 1944 मध्ये इटलीत नाईक यशवंत घाडगे यांना टॉमीगनमध्ये नव्या गोळ्या भरण्यास अवधी मिळाला नाही, तेव्हा त्यांनी त्याच बंदुकीचा सोट्यासारखा उपयोग केला आणि मोर्चा जिंकला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु जवान शूर आहे म्हणून त्याच्या हाती कालचे हत्यार द्यावे, हा हिशेब बरोबर नव्हे. शौर्याने उणीव भरून निघते खरी; पण तिची किंमत जवानच मोजतो.

ही मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत. रायफली संग्रहालयात जपल्या जातील. पण कड कशी अडकते आणि संगीन किती तिरपी धरायची, हे सांगणारे आवाज तेथे मिळणार नाहीत. मित्रहो, तुमच्याही आळीत असे एखादे आजोबा असतील. सुटीच्या दिवशी वही-पेन घेऊन त्यांच्याकडे अवश्य जा.