हृदयाची शस्त्रक्रिया आणि यकृताचा कौल

'काळीज' हा शब्द आपल्या बोलींत हृदयासही लावतात आणि यकृतासही. या दोन अवयवांचें दैव एकमेकांशीं किती बांधलेलें आहे, हें मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं कळून येतें. भोरचा हृदयरोगी कापूरहोळावरून आणि वेल्ह्याचा नसरापुरावरून पुण्याच्या वाटेस लागतो, तेव्हां साऱ्या घराचें लक्ष त्याच्या हृदयाकडे असतें. यकृत आधींच निकामी होत आलें असेल, तर अधिक मोठा धोका तेथें असूं शकतो, हें आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

रक्त गोठविणारीं बहुतेक द्रव्यें यकृतांत तयार होतात. जुनाट संसर्गजन्य कावीळ, मद्यपान किंवा यकृतांत सांचलेली चरबी यांमुळें तें कठीण झालें, म्हणजे हीं द्रव्यें कमी पडतात. प्लीहा वाढून रक्तांतील प्लेटलेटही घटतात. १९५३ सालीं अमेरिकेंत डॉ. गिबन यांनीं हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्यानें मनुष्यावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. या यंत्रानें असंख्य प्राण वाचले. परंतु त्यांतून रक्त फिरतांना त्याची गोठण्याची शक्ति आणखी ढांसळते. दुर्बल यकृताचा रोगी मग रक्तस्राव, जंतुदोष व मूत्रपिंडाचा बिघाड यांच्या कचाट्यांत सांपडतो.

म्हणून डॉक्टर आधीं पांच गोष्टी पाहतात: रक्तांतील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा काळ, पोटांतील पाणी आणि बुद्धिभ्रम. त्यांवरून चाइल्ड-प्यू पद्धतीचे अ, ब, क हे वर्ग ठरतात. 'अ' वर्गांतील रोग्यास शस्त्रक्रिया बहुधा झेपते. 'ब' वर्गांत फार तोलून पाहावें लागतें. 'क' वर्गांत मात्र निम्म्याहून अधिक रोगी दगावल्याचे अनुभव नमूद आहेत. अशा वेळीं छाती न उघडतां मांडीच्या रक्तवाहिनींतून झडप बसविणें, औषधांवर निभावणें, किंवा क्वचित् यकृतरोपण, असे मार्ग उरतात.

यांत घरच्या माणसांचें काम लहान नाहीं. पूर्वीची कावीळ, मद्याची संवय, चालू असलेला झाडपाला यांपैकीं कांहींही लोकलज्जेस्तव डॉक्टरांपासून लपवूं नये. वडिलांची अब्रू राखण्यासाठीं सांगितलेलें एक असत्य शस्त्रक्रियेच्या मेजावर त्यांच्याच जिवावर बेततें. आणि 'शस्त्रक्रिया करूं नये' असा सल्ला मिळाला, तर ती हेळसांड समजूं नये. रोग्याची इच्छा विचारून, सर्वांनीं एकत्र बसून, तो सल्ला शांतपणें ऐकावा. कधीं कधीं हात आवरण्यांतच वैद्याचें खरें कौशल्य असतें.