गस्तीच्या मोटारीतील कुत्रा आणि ऊन

उन्हात तासभर उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडले, की भट्टीसारखी झळ तोंडावर येते. बैठकीला हात लावला तर चटका बसतो. आपण काचा खाली करतो, जरा वेळ बाहेर थांबतो आणि मग आत बसतो. पण ज्याला काच खाली करता येत नाही, दार उघडता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही, अशा प्राण्यावर त्या मोटारीत थांबण्याची वेळ आली तर?

अमेरिकेतील पोलिसांपुढे हा प्रश्न नेहमीचा आहे. तेथे कुत्रा आणि त्याला हाताळणारा पोलीस ही जोडी एकाच मोटारीतून गस्त घालते. मागची बैठक काढून तेथे कुत्र्यासाठी पिंजरा बसवलेला असतो. पोलीस चौकशीसाठी उतरला, की जर्मन शेफर्ड किंवा बेल्जियन मॅलिनॉय जातीचा हा सहकारी मोटारीतच त्याची वाट पाहतो. अशा मोटारींत उष्माघाताने कुत्रे दगावल्याच्या घटना तेथे वारंवार घडल्या आहेत. काही वेळा तर वातानुकूलन यंत्र चालू ठेवूनच पोलीस उतरला होता. ते मध्येच बंद पडले! असे का होते, हे समजायला थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे जीवशास्त्र लागते.

उष्णतेचा सापळा

सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो. बैठका व इतर भाग तो शोषून घेतात आणि तापतात. तापलेल्या वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकतात, पण त्यांची तरंगलांबी मोठी असल्यामुळे काच त्यांना पार जाऊ देत नाही. शिवाय तापलेली हवा वर जाऊन तिच्या जागी गार हवा येण्याची सोयही बंद मोटारीत नसते. आलेली उष्णता आतच साठत जाते.

ती किती वेगाने साठते? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी केलेली मोजमापे २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या निरनिराळ्या दिवशी, तासाभरात मोटारीतील तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले. म्हणजे बाहेर ३० अंश, तर आत सुमारे ५२! या वाढीपैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडीशी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. ‘आत्ता पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेलेल्या माणसाला कामात अर्धा तास लागला, तर काय होईल ते यावरून दिसते.

कुत्र्याचा एकच मार्ग

आपल्याला उकडले, की सर्वांगाला घाम येतो. त्याचे बाष्पीभवन होताना तो शरीरातील उष्णता घेऊन जातो. कुत्र्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांवर असतात. त्यांचा उपयोग नाममात्र. म्हणून उकाड्यात कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. एरवी मिनिटाला २०-३० वेळा श्वास घेणारा कुत्रा धापताना ३०० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेतो. ही हवा नाकातील, तोंडातील आणि जिभेवरील ओलाव्याची वाफ करून बाहेर नेते.

आता थोडा ढोबळ हिशेब करू. शांत पडून असलेल्या ३० किलोच्या कुत्र्याच्या शरीरात तासाला सुमारे ४० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता घेतली जाते. सारी उष्णता केवळ बाष्पीभवनाने घालवायची, तर तासाला सुमारे ७० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला हवी. पण ही वाफ जाणार कोठे? ती त्याच बंद हवेत मिसळते. हवा दमट होत गेली, की पुढचे बाष्पीभवन मंदावते. त्यात मोटारीतील हवा कुत्र्याच्या शरीराहून गरम झाली, की तीच त्याला उष्णता देऊ लागते. धापण्याचे श्रम स्नायूंना करावे लागतात. त्यातूनही उष्णता निर्माण होते. नुकताच चोराचा पाठलाग करून आलेल्या कुत्र्याचे शरीर तर आधीच तापलेले असते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. बंद मोटारीत ते ४१ अंशांच्या वर चढले, तर मेंदू, मूत्रपिंडे व आतडी यांना इजा होऊ लागते.

करून पाहा

प्रयोगशाळेतील दोन तापमापक घ्या (ताप मोजण्याचा नको). एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळा. दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. ओल्या फडक्याचा तापमापक कमी तापमान दाखवील. आता एका मोठ्या काचेच्या बरणीत थोडे पाणी घालून दोन्ही तापमापक पाण्याला न टेकता आत टांगा, झाकण लावा आणि बरणी सावलीत ठेवा. अर्ध्या तासाने दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतील. ओले फडके म्हणजे कुत्र्याची जीभ आणि बरणी म्हणजे बंद मोटार!

उपाय कोणते?

वातानुकूलन हा पहिला उपाय. पण इंजिन बंद पडले, की तेही थांबते. म्हणून अशा अनेक मोटारींत उष्णतेचा इशारा देणारे स्वतंत्र यंत्र बसवतात. पिंजऱ्याजवळील संवेदकाला तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेले आढळले, की भोंगा वाजतो, मागच्या काचा आपोआप खाली येतात, पंखा सुरू होतो आणि पोलिसाच्या पट्ट्यावरील छोट्या यंत्राला संदेश जातो. हे सारे मोटारीच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे इंजिन थांबले तरी अडत नाही. एका उपायाने दगा दिला तर दुसरा हाताशी असावा, हे यामागचे तत्त्व आहे. तरीही यंत्र नादुरुस्त होऊ शकते. शिवाय पंखा बाहेरची हवाच आत आणतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात ४५ अंश तापमान असते, तेव्हा ती हवाही कुत्र्याच्या शरीराहून गरम असते! अशा वेळी कुत्र्याला मोटारीत न ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

कुत्र्याला ऊन लागलेच, तर पशुवैद्य आता सांगतात : आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि वारा घालावा. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की धावून तापलेल्या कुत्र्याला स्वतःहून पाण्यात डोके बुडवायला शिकवले, तर त्याचे शरीर लवकर थंड होते. मात्र शुद्ध हरपलेल्या कुत्र्याचे डोके पाण्यात कधीही बुडवू नये.

शिकवलेल्या कुत्र्याला ‘थांब’ म्हटले, की तो थांबतो. त्याच्या या आज्ञाधारकपणामुळेच आपली जबाबदारी वाढते. हा नियम पोलिसांच्या कुत्र्यापुरता नाही. बाजारात जाताना घरचा कुत्रा, किंवा झोपलेले लहान भावंड, बंद मोटारीत ठेवून कोणी निघालेच, तर बरणीतील ते दोन तापमापक आठवा आणि त्यांना थांबवा.