रात्री दोन वाजताचं ऑपरेशन महाग का पडतं?

कुत्र्यामांजरांच्या तातडीच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'जनावरांचे डॉक्टर लुटतात'. दुसरं, 'परवडत नसेल तर पाळायचं कशाला?' बोलणारे एकमेकांचे विरोधक असले तरी दोघांची समजूत एकच असते: बिलाचा आकडा अटळ आहे, प्रश्न फक्त तो कुणी सोसायचा एवढाच. पण हा आकडा मुख्यतः दोन गोष्टींनी फुगतो, उशिरामुळे आणि रात्रभर सज्ज राहण्याच्या खर्चामुळे. उशीर बराचसा टाळता येतो आणि सज्जतेचा खर्च वाटून घेता येतो.

गैरसमज १ : ऑपरेशन आज करा नाहीतर नंतर, खर्च तेवढाच.

वस्तुस्थिती : निर्बीजीकरण न केलेल्या कुत्रीचा माज ओसरल्यावर महिना-दोन महिन्यांत कधीकधी गर्भाशयात पू साठतो. याला पायोमेट्रा म्हणतात. ती सारखी पाणी पिते, खाणं सोडते, मलूल पडते. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर स्राव दिसतही नाही. खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकणं. आपल्याकडे निर्बीजीकरणातही बहुधा हेच अवयव काढतात. म्हणजे ऑपरेशन तेच, पण निर्बीजीकरणाची निरोगी कुत्री सकाळी उपाशीपोटी येते आणि बहुतेकदा संध्याकाळी घरी जाते. पायोमेट्राची कुत्री येते तेव्हा विष रक्तात भिनलेलं असतं, मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो. रक्ततपासण्या, सलाईन, प्रतिजैविकं, वर मुक्काम, आणि एवढं करून जिवाची जोखीमही मोठी. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' या सल्ल्याला वैद्यकीय आधार नाही. पिल्लं झाली म्हणून हा धोका जात नाही. तेव्हा स्वस्त तातडीच्या सेवेची सुरुवात परवडणाऱ्या, वेळेवर केलेल्या निर्बीजीकरणापासून होते.

गैरसमज २ : सकाळपर्यंत वाट बघायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसतो, कण्हतो, लघवीची जागा चाटत राहतो आणि वाळू कोरडीच. घरच्यांना वाटतं, पोट साफ होत नसेल. पण मूत्रमार्ग तुंबलेला असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लवकर आणलं तर बहुतेकदा भूल देऊन नळी घालण्यावर भागतं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, ओकाऱ्या काढतोय पण काही पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तर तासांचा हिशेब असतो. घरातलं पॅरासिटामॉल देऊन रात्र काढण्याचा विचारही नको, मांजराला ते विषच. उलट दोन वेळा उलटी करून पुन्हा खेळायला लागलेलं कुत्रं सकाळपर्यंत थांबू शकतं. हा फरक सांगणारा जाणकार रात्री फोनवर मिळाला, तर विनाकारण धावपळ वाचते आणि खरं संकट वेळेत टेबलावर पोचतं. यासाठी इमारत लागत नाही.

गैरसमज ३ : एवढंसं जनावर, एवढं बिल, म्हणजे लूटच.

वस्तुस्थिती : माणसाचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात किंवा महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झालं की खरा खर्च आपल्याला दिसत नाही. प्राण्यांच्या बाबतीत तो सगळा मालकाच्या अंगावर येतो. श्वासनलिकेत नळी, ऑक्सिजन, नाडी-श्वासावर नजर ठेवणारा माणूस, आणि लहान अंग झपाट्याने गार पडतं म्हणून खाली उबदार गादी. हे सगळं रात्री तयार ठेवायचं, केस येवो न येवो. विमा आहे, पण आधीचे आजार त्यात सहसा बसत नाहीत आणि अनेकदा आधी पैसे भरून मग दावा करावा लागतो. मात्र म्हणून प्रत्येक बिल रास्त ठरत नाही. टेबलावर घेण्याआधी लेखी अंदाज, आणि शक्य तिथे 'एवढं अत्यावश्यक, एवढं असलं तर बरं' अशी फोड मिळणं हा मालकाचा हक्कच समजायला हवा.

गैरसमज ४ : मोठं हॉस्पिटल उभं राहिलं की प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती : मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, 1886 सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं चोवीस तासांचं रुग्णालय सुरू झालं. पण परभणीतल्या तुंबलेल्या बोक्याला रात्री दोनला महालक्ष्मीचा काय उपयोग? जिल्ह्याजिल्ह्यांतले सरकारी दवाखाने आणि 1962 या हेल्पलाइन क्रमांकावरची फिरती पथकं प्रामुख्याने गाईम्हशींसाठी आखलेली आहेत. मात्र परभणी, उदगीर, नागपूर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शस्त्रक्रिया शिकवणारे आहेत आणि शिकायला केसेस हव्या असलेले विद्यार्थीही. शहरातल्या चार-पाच दवाखान्यांनी रात्री वाटून घ्याव्यात, फोन नंबर एकच ठेवावा आणि अवघड केस महाविद्यालयाच्या टेबलावर जावी, म्हणजे सज्जतेचा खर्च एकट्यावर पडत नाही. आपला पेशंट दुसऱ्याकडे जाईल ही डॉक्टरांची भीती खोटी नाही. सकाळी केस कागदपत्रांसह मूळ डॉक्टरकडे परत, हा नियम त्यावर पुरेसा आहे. 'माणसांनाच खाटा मिळत नाहीत' हा आक्षेपही गंभीर आहे, पण या व्यवस्थेत माणसांची एकही खाट जात नाही.

राहिला प्रश्न परवडण्याचा. वर्षाच्या लसी, खाणं, निर्बीजीकरण हे सगळं नेमाने भागवणारं घरही मध्यरात्री एकरकमी मोठ्या बिलापुढे हतबल होतं. त्या घराने प्राणी पाळायलाच नको होता असं म्हणण्याआधी त्याला वेळेवर फोन उचलणारं कुणी होतं का, जवळ उघडा दवाखाना होता का आणि बिल हप्त्यांनी भरायची सोय होती का, एवढं तरी विचारायला हवं.